गोळी कोणाची, निर्णय कोणाचा?

“पेशंटला काय कळतं?” हे वाक्य दवाखान्यात जितक्या सहज उच्चारले जाते तितक्याच सहज ते घरातही उच्चारले जाते. नैराश्याच्या, म्हणजे आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो त्या आजाराच्या रुग्णाबाबत तर ते फारच ऐकू येते. डॉक्टर नातेवाइकाकडे पाहून बोलतात, नातेवाईक मान डोलावतो, चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात जाते. गोळी मात्र गिळायची असते ती बाजूच्या खुर्चीत बसून स्वतःबद्दलचे बोलणे ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाने.

त्या तिसऱ्या माणसाला विचारायला नको का? आणि विचारायचे तर आधी सांगायला नको का?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात संमतीची व्याख्या आहे. उपचाराचे फायदे, धोके आणि त्याला असलेले पर्याय सांगून, कोणताही दबाव न आणता, रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने माहिती देऊन घेतलेली संमती हीच संमती. कलम २२ म्हणते की आजाराचे स्वरूप, ठरवलेला उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. आता इंग्रजीत खरडलेली चिठ्ठी आणि त्यावरचे “१-०-१” डोळ्यांसमोर आणा. यातले काय त्या व्याख्येत बसते?

यावर ठरलेला आक्षेप असा की लोक अडाणी आहेत, सांगून समजणार नाही, उलट घाबरून उपचारच सोडतील. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ज्ञान तुमच्या डोक्यात मावणार नाही असे सांगूनच आपल्या कित्येक पिढ्यांना पाटीपासून दूर ठेवले गेले. आज तोच युक्तिवाद पांढरा कोट घालून आला म्हणून तो वैज्ञानिक ठरत नाही. बचत गटाच्या कर्जाचे व्याज तोंडी काढणाऱ्या बाईला “ही गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात” हे वाक्य समजत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा ते वाक्य तिच्यापुढे बोलून तरी पाहावे.

न सांगितल्याने काय होते याचे एक उदाहरण माझ्या कामातले. घरकाम करणारी बाई, वय चाळिशीच्या आत. सहा महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, पोरांवर चिडचिड, आणि तोंडात एकच भाषा, “जगून काय करू”. आधी सलाईन लावून झाले, मग ताकदीच्या गोळ्या, मग एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. पाच मिनिटांत तीन गोळ्या लिहून मिळाल्या. चौथ्या दिवशी मळमळ आणि गरगर सुरू झाली, कामावर खाडे पडू लागले. गुण नाहीच, वर त्रास, असे पाहून तिने दहाव्या दिवशी दोन गोळ्या बंद केल्या. चालू ठेवली ती झोपेची, कारण तिचा परिणाम त्याच रात्री दिसत होता. म्हणजे जिची सवय लागण्याचा धोका, जी थोड्याच दिवसांसाठी असायला हवी, ती राहिली. आणि जी काही महिने धरून ठेवायची होती तीच गेली. कागदावर नोंद काय झाली? रुग्ण औषधे नियमित घेत नाही.

तिला सांगायला हवे होते ते फार अवघड नव्हते. नैराश्यावरच्या गोळीचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यातली मळमळ, डोकेदुखी बहुतेकांची हळूहळू ओसरते. बरे वाटले म्हणून गोळी लगेच थांबवायची नाही, त्यानंतरही निदान सहा महिने घ्यावी लागते, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते. हे तर कोणी बोलतच नाही, बाईमाणसाशी मुळीच नाही. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचे. आणि पूर्वी कधी झोप न घेताही अंगात वारे भरल्यासारखा उत्साह, उधळपट्टी, सतत बडबड असे दिवस येऊन गेले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण मग आजार वेगळा असू शकतो आणि नुसती ही गोळी घातक ठरू शकते.

पर्याय सांगणे हाही माहितीचाच भाग आहे. सौम्य नैराश्यात गोळीशिवाय, बोलण्याच्या उपचारानेही बरे होता येते. तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतात. बोलण्याचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. गोव्यातले दोन अभ्यास इथे पाहण्यासारखे आहेत, दोन्ही विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचे, दोन्ही ‘लॅन्सेट’मध्ये आलेले. २००३ च्या अभ्यासात दोन महिन्यांनंतर गोळीचा गुण नकली गोळीपेक्षा जास्त दिसला, बोलण्याच्या उपचाराचा दिसला नाही. २०१७ च्या अभ्यासात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, थोड्याच बैठकांत रुग्णाला रोजच्या लहान लहान कामांकडे परत नेले, आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही फायदा झाला. तेव्हा “गोळीच खरी” आणि “गोळी नकोच” ही दोन्ही भांडणे फुकाची आहेत. कोणता उपचार, कोणाला, किती दिवस, हे विचारले पाहिजे.

आणि किती पैशात, हेही. रोजंदारी बुडवून, एका बैठकीला दिवसाच्या मजुरीहून जास्त फी भरून घ्यायचा उपचार हा गरिबासाठी पर्यायच नसतो. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली पाहिजेत असे याच कायद्यात आहे. “औषध शिल्लक नाही” असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा.

आता थोडे घरातले. आपल्या वस्त्यांतही रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारे कमी नाहीत. एक म्हणतो, बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला कसले आले डिप्रेशन? बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते त्यावर औषध घेत होते, एवढे उत्तर त्याला पुरे. दुसरा म्हणतो, दहा दिवस विपश्यनेला बस. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी शिबिराला येऊ नये असे शिबिरवालेच सांगतात, पण सल्ला देणाऱ्याला ते ठाऊक नसते. कालाम सुत्त तोंडपाठ असणाऱ्यांनी तरी “मी सांगतो म्हणून” हा आधार वापरू नये.

तिसरा युक्तिवाद चळवळीतल्या मित्रांचा, आणि तो मी गांभीर्याने घेते. ते म्हणतात, दुःखाचे कारण जातीचा अपमान आहे, बेकारी आहे. गोळी देऊन तुम्ही माणसाला गप्प करता. कारण बाहेर आहे हे अनेकदा खरेच असते. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात कसा जाणार? हाडे मोडेपर्यंत मारले तर आधी प्लास्टर करतो, खटला त्याच्या जोडीने चालतो. गोळी घ्यायची नाही असे त्याने सगळे समजून घेऊन ठरवले, तर तो त्याचा अधिकार. ते त्याच्यासाठी आपण ठरवायचे नाही.

एक अपवाद मानलाच पाहिजे. जिवाला धोका असेल तेव्हा चर्चेला वेळ नसतो. माणसाला एकटे सोडायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

एरवी मी सोबत जाते तेव्हा रुग्णाच्या हातात मराठीत लिहिलेला कागद देते: मला काय झाले आहे, ही गोळी कशासाठी, गुण कधी येईल, त्रास काय होईल, दुसरा मार्ग कोणता, काहीच केले नाही तर काय होईल. प्रश्न त्याने विचारायचे, मी नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून उत्तर देऊ लागले की मी रुग्णाकडे बघते. काही डॉक्टर चिडतात. बरेच जण खुर्ची वळवून नीट बोलू लागतात, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. आपल्याला निर्णय घेता येईनासा झाला तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. त्यासाठी साधा कागद चालतो, सही येत नसेल तर अंगठाही चालतो, आणि ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असे नाही. वस्तीतल्या बायकांना हे सांगितले तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी बहिणीचे नाव घेतले.