अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं मोबाइलला विचारलं की तो क्षणात ‘सुमारे १२,५०० किलोमीटर’ म्हणून मोकळा होतो. ताशी ९०० च्या वेगाने भागलं की १४ तास येतात. प्रत्यक्षात जाताना १६ च्या आसपास लागतात, येताना तास-दीड तास कमी. लेकाकडे निघालेले आईबाबा हा हिशेब घालत बसतात. त्यात मध्यरात्री निघालेलं विमान तिथल्या सकाळीच उतरतं, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं, सहा-सात तासांत पोचले की!

भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ दिसते. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईहून उत्तरेकडे निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जातो आणि स्वीडन, नॉर्वे, आइसलँड करत कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. गोल पृथ्वीवरची सगळ्यात जवळची वाट ही.

जवळची खरी, पण मोकळी कुठे आहे? बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश जवळपास पाच महिने बंद ठेवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली. युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवरच्या झेंड्यानुसार बदलतं. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, मग कधी वाटेत थांबून इंधन भरा. भांडण राजधान्यांचं, पाय सुजतात सीट नंबर ३४-ई वाल्याचे.

आणि भांडणं मिटली तरी वारा राहतोच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे झोत वाहतात, कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना तो वारा तोंडावर, येताना पाठीवर. जानेवारीत जाणाऱ्यांनी एखादा सिनेमा जास्तीचा धरून चालावं.

या वाऱ्याचा खरा फायदा उठवला तो एअर इंडियाने. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून पश्चिमेकडे जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १४०० किलोमीटरने वाढलं, १५,३०० वर गेलं. आणि वेळ? जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण वारा पाठीशी. परतीलाही पूर्वेकडेच तोंड करून अटलांटिकवरून यायचं. जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा! कार्तिकेयाला मोर घेऊन जे करायला बराच काळ लागला, ते सॉफ्टवेअरवाल्या पोरांनी उशीला मान टेकून, झोपेत उरकलं. बहुतेकांना पत्ताही लागला नसेल, कारण तिकिटावर छापलेलं असायचं ते नुसतं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली.