ओसाकाचा किल्ला आणि वर ओढलेली शिडी



जपानमधील ओसाकाचा किल्ला पाहायला दरवर्षी लाखो लोक जातात. पांढऱ्या भिंती, हिरवी छपरे, सोनेरी नक्षी. पण आजचा मनोरा मध्ययुगातला नाही. तो १९३१ साली लोकवर्गणीतून सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधला आहे. आत लिफ्ट आहे, संग्रहालय आहे.

किल्ल्याआधी येथे काय होते? बौद्ध मठ! १४९६ साली रेन्न्यो या धर्मगुरूने तो स्थापन केला. शेतकरी, कारागीर, छोटे व्यापारी हे त्याचे अनुयायी. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराशी त्यांनी १५७० पासून दहा वर्षे झुंज दिली. १५८० साली मठ सोडावा लागला व तो जळून गेला. त्याच जागी १५८३ साली तोयोतोमी हिदेयोशीने किल्ला बांधायला घेतला.

हा हिदेयोशी कोण? गरीब घरातला मुलगा. नोबुनागाच्या पदरी हलका नोकर म्हणून लागला आणि कर्तबगारीने जपानचा सर्वसत्ताधीश झाला. ऐकून आपला ऊर भरून येतो.

पण पुढे काय झाले? १५८८ साली त्याने फर्मान काढले की, शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका जमा कराव्यात. कारण काय दिले? त्या लोखंडाचे खिळे बुद्धमूर्तीच्या मंदिराला वापरू! १५९१ साली दुसरे फर्मान निघाले. शेतकऱ्याने शेत सोडून व्यापारात जायचे नाही. म्हणजे ज्या शिडीने हा वर चढला, तीच त्याने वर ओढून घेतली, आणि तीही बुद्धाचे नाव पुढे करून! बापाचा धंदा तोच मुलाचा, हे आपल्याला काय नवीन आहे?

१६१५ साली तोकुगावांनी त्याच्या मुलाचा पाडाव केला. किल्ला जळाला. त्याच्या भिंती मातीखाली गाडून वर नवा किल्ला उभारला गेला. त्या भिंतीचे दगड १९५९ साली खोदकामात सापडले.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खंत व्यक्त केली होती की, शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला. मीही कचेरीत कारकून आहे. नोकरी लागली, घर झाले की वस्तीकडे पाठ फिरते, हे मी स्वतःतही पाहिले आहे.

म्हणून एवढेच करा. येत्या रविवारी विहारात जा आणि एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. आपण चढलो ती शिडी खालच्यासाठी तशीच उभी राहू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!