गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून?

आयपीव्ही६चा विषय काढला की आपल्या जिल्ह्यातल्या ब्रॉडबँड चालकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘गिऱ्हाईक कुठे मागतंय?’ बरोबर आहे. अकोले-संगमनेरच्या गिऱ्हाइकाला यूट्यूब चाललं, बिल भरता आलं की पुरे. पत्ता कोणता, हे विचारायची वेळ त्याच्यावर येऊच नये.

त्याची तक्रार वेगळ्याच शब्दांत येते : ‘मळ्यातला कॅमेरा मोबाइलवर दिसत नाही.’ कांदाचाळीवर डीव्हीआर आहे, पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, तरी बाहेरून काही उघडत नाही. राऊटरचं वॅन पान उघडून बघा. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो त्या घराचा नव्हेच. हा पट्टा २०१२ साली सेवादात्यांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवलेला आहे.

जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. एपनिककडून नव्या सदस्याला २०१९पासून जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. मग तालुक्याचा चालक एका पत्त्यामागे अनेक घरं लावतो. त्यातल्या एकाने उपद्व्याप केला की कॅप्चा सगळ्यांच्या पदरात. पोलिसांचं पत्र आलं, की त्या क्षणी कोणता पोर्ट कुणाकडे होता, हे लॉग उपसून आपणच सांगायचं.

त्याच गिऱ्हाइकाच्या जिओच्या फोनवर २०१६पासून नवा पत्ता चालतो आहे. त्यासाठी त्याला काहीही शिकावं लागलं नाही. गूगल, यूट्यूब, फेसबुक नव्या पद्धतीवर केव्हाच आलेत. आपण ड्युअल स्टॅक सुरू केला की त्यांची वाहतूक नॅटच्या पेटीवरून उतरते. शिवाय ३१ डिसेंबर २०२२नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी आयपीव्ही६ चालवू शकणारी हवी, असं दूरसंचार विभागाने सांगितलेलंच आहे. गरज गिऱ्हाइकाचीच आहे. ती ओळखणं आपलं काम.

धोकाही सांगायला हवा. नॅटमुळे घरातली उपकरणं आपोआप आडोशाला राहत होती. आता प्रत्येक कॅमेऱ्याला जगभर चालणारा पत्ता मिळेल. ओएनटीतली आयपीव्ही६ फायरवॉल चालू नसेल आणि डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल, तर शेतकऱ्याचा गोठा कुणीही पाहील.

तेव्हा या महिन्यात जी नवी जोडणी द्याल, तिथे ‘फक्त आयपीव्ही४’ ठेवू नका. ड्युअल स्टॅक निवडा, घराला एकच /६४ न देता /५६चा गट द्या, फायरवॉल तपासा आणि मगच निघा.