न दिसणारी जखम, तुटलेली साखळी

लेफ्टनंट कर्नल करणबीरसिंह नट्ट यांचे डिसेंबर २०२३ मध्ये जालंधरच्या सैनिकी रुग्णालयात निधन झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना ते गंभीर जखमी झाले. पुढची आठ वर्षे बेशुद्धावस्थेत गेली. प्रादेशिक सेनेत येण्यापूर्वी ते ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होते. या रेजिमेंटचे केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. हुतात्म्यांपुढे नतमस्तक होणे समाज जाणतो. परंतु जखमी होऊन परतलेल्या जवानाचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मेंदूची इजा तर अनेकदा दिसतही नाही. स्फोटाच्या दाबलहरीने अंगावर ओरखडा न उमटताही मेंदू दुखावतो. जानेवारी २०२० मध्ये इराकमधील अल-असद तळावर इराणी क्षेपणास्त्रे कोसळली, तेव्हा कोणीही जखमी नसल्याचे अमेरिकेने जाहीर केले होते. पुढे शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूची इजा झाल्याचे निदान झाले. तीव्र इजेत तर पहिल्या आघातापाठोपाठ दुसरे संकट येते. प्राणवायू वा रक्तदाब घसरला, की वाचू शकणारा भागही निकामी होतो.

म्हणूनच हे काम एकट्या शल्यविशारदाचे नव्हे. रणभूमीवरील प्रथमोपचार, स्थलांतर, शस्त्रक्रिया, पुनर्वसन आणि अखेर घर, अशी ही साखळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनसह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताचा विषय हाच होता : सैनिकांच्या मेंदूच्या इजेवरील उपचारांना प्रणाली-अभियांत्रिकीची जोड. आगगाडीचा प्रत्येक डबा उत्तम असला, तरी जोडणी निखळल्यास गाडी मुक्कामी पोहोचत नाही.

ही जोडणी घराजवळच निखळू शकते. दक्षिण नागपुरातील बेसा येथे स्थायिक झालेल्या एखाद्या माजी सैनिकाचे उदाहरण घ्यावे. स्फोटानंतर कित्येक महिन्यांनीही त्याचे डोके दुखते, विस्मरण होते, तो क्षुल्लक कारणाने संतापतो. घरच्यांना वाटते, स्वभाव बिघडला. सैनिकी रुग्णालय शहराच्या पलीकडे कामठीला. एम्स जवळच मिहानमध्ये. परंतु स्फोटाची नोंद एकीकडे, तपासण्या दुसरीकडे आणि रोजचा त्रास केवळ पत्नीला ठाऊक, अशी स्थिती असेल, तर नामवंत डॉक्टरही काय करणार?

उपाय अवघड नाहीत. स्फोटाजवळ असलेल्या प्रत्येक जवानाची, तक्रार नसली तरी, तपासणी व नोंद व्हावी. ती नोंद निवृत्तीनंतरही त्याच्यासोबत राहावी. प्रत्येक रुग्णामागे एक उत्तरदायी समन्वयक असावा आणि कुटुंबाला लक्षणे समजावून सांगितली जावीत. कामठीचे सैनिकी रुग्णालय, एम्स आणि व्हीएनआयटीचे अभियंते एकत्र आल्यास नागपुरातच याचा पहिला प्रयोग होऊ शकतो.

सीमेवर जवान आपली जागा सोडत नाही. त्याच्या उपचारांची साखळीही मध्येच सुटू न देणे, हे राष्ट्राचे कर्तव्य आहे.