प्रवाहाची ओळख हीही साक्षरताच

घरातील दिवे विझले की ‘लाइट गेली’ असे म्हटले जाते. ओल्या हाताने बटण दाबताना झटका बसला की ‘करंट लागला’ असे म्हटले जाते. हे शब्द शहरात आणि खेड्यात सारखेच रुळले आहेत. २०१८ साली मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली, आणि देशातील वस्ती असलेल्या सर्व गावांपर्यंत विजेचे जाळे गेल्याचे सरकारने जाहीर केले. परंतु तारेतून नेमके काय वाहते, याची समज तितक्या वेगाने पोहोचलेली नाही. अक्षरे आणि अंक यांच्याइतकीच ही समजही प्रत्येक प्रौढ माणसाला आवश्यक आहे.

ही गोष्ट वाटते तितकी अवघड नाही. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण आधीपासूनच भरलेले असतात. त्यांना एका दिशेने ढकलणारा दाब मिळाला, की ते सरकू लागतात. हे सरकणे म्हणजेच विद्युतप्रवाह. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा जोर अधिक. विजेतील हा जोर व्होल्टमध्ये मोजतात. नळी अरुंद असेल तर पाणी अडते. तारेतील अशा अडथळ्याला रोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. प्रत्यक्षात किती पाणी वाहिले, त्याच्याशी तुलना होते ती ॲम्पिअरमध्ये मोजल्या जाणाऱ्या प्रवाहाची. दाब वाढला की प्रवाह वाढतो आणि रोध वाढला की तो घटतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडला.

मात्र पाण्याचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते. नळी तुटली तरी पाणी बाहेर सांडते. तार तुटली की प्रवाह थांबतो. विजेला जाण्याचा आणि परत येण्याचा असा अखंड मार्ग लागतो. बटण बंद करणे म्हणजे हा मार्ग तोडणे होय. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून त्याच्या शरीरातून जाणवण्याइतका प्रवाह वाहत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने तीच तार धरली, तर त्याच्या शरीरातून व जमिनीतून परतीचा मार्ग पुरा होतो. कारण वीज पुरवणाऱ्या रोहित्राचे एक टोक जमिनीशी जोडलेले असते. कोरडी त्वचा या प्रवाहाला बराच रोध करते, ओली त्वचा फारच थोडा. ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नये, या घरगुती शिकवणीमागचे शास्त्र एवढेच आहे.

किती प्रवाह घातक ठरतो, हे कळले म्हणजे या ज्ञानाचे मोल ध्यानात येते. भारतातील घरांत २३० व्होल्ट दाबाने वीज येते. १००० वॅटच्या इस्त्रीतून सुमारे ४.३ ॲम्पिअर प्रवाह वाहतो. ९ वॅटच्या एलईडी दिव्यातून जेमतेम ०.०४ ॲम्पिअर. हा दिव्यापुरता क्षीण प्रवाहदेखील माणसाच्या छातीतून काही क्षण वाहत राहिला, तर प्राणघातक ठरू शकतो.

येथेच एका सार्वत्रिक गैरसमजाचा विचार करायला हवा. फ्यूज असला म्हणजे माणूस सुरक्षित, असे समजले जाते. वस्तुतः ५ ॲम्पिअरचा फ्यूज ०.०४ ॲम्पिअरची दखलही घेत नाही. त्याची बारीक तार जादा प्रवाहाने वितळते आणि घरातील तारांना तापून पेट घेण्यापासून वाचवते. माणसाचे रक्षण होते ते अर्थिंगची जोड मिळाल्यावर. उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीकडे सोपी वाट देते. त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज वितळतो. प्लगची तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती इतर दोन पिनांच्या आधी जोडली जावी म्हणून. आरसीसीबी हे उपकरण तर जाणारा व परतणारा प्रवाह सतत ताडून पाहते आणि साधारणतः ०.०३ ॲम्पिअरचा फरक पडताच पुरवठा तोडते.

असे असूनही वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधली जाते, तिसरी पिन निरुपयोगी समजून मोडली जाते आणि प्लग नाही म्हणून उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचल्या जातात. असे करणारी माणसे बेफिकीर असतातच असे नाही. दिवा लागला, पंखा फिरला, म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. कित्येकदा नव्या जोडणीचा खर्च न परवडणे हेही कारण असते.

विजेचे काम वायरमनचे, सामान्य माणसाला त्याचा अभ्यास कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. दुरुस्ती वायरमननेच करावी, हे रास्तच आहे. पण वायरमन महिन्या-वर्षातून एकदा येतो. बटणाला हात मात्र रोज लागतो, आणि त्यात लहान मुलांचेही हात असतात. औषध देणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी पाणी उकळून प्यावे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. तसेच हेही आहे.

विजेविषयी नुसते भय असून भागत नाही. घाबरणारा माणूसही निकड पडली की जाड तार बांधतोच. फ्यूजची तार बारीकच का असते, हे ज्याला एकदा उमगले, तो ती बदलताना थांबेल आणि फ्यूज वारंवार का जातो, याचा शोध आधी घेईल.