गाडीला हात कोणी लावायचा?

मालकानं गाडी चालवावी, तिला हात लावू नये, असं मत हल्ली फार ठामपणे मांडलं जातं. मांडणारे गृहस्थ वाहनव्यवसायात मुरलेले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाड्या गुंतागुंतीच्या झाल्या, घरच्या पान्यांनी त्या बिघडतात, वॉरंटी जाते, ब्रेक फसले तर जीव जातो, आणि सुट्या भागांतून जोडलेल्या हलक्या गाड्या तर हौशी लोकांच्या हाती देऊच नयेत. पुराव्यादाखल ते देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांची जीप पुढे करतात.

सांगली जिल्ह्यातल्या लोहारांनी भंगार आणि दुचाकीचे भाग जोडून सुमारे 60 हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी चारचाकी उभी केली. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ती नियमांत बसत नसल्यामुळे कधी ना कधी अडवली जाईल, हेही त्यांनीच सांगितलं. पुढच्याच महिन्यात लोहारांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. या सगळ्यातलं ‘नियमांत बसत नाही’ एवढंच आपल्या गृहस्थांनी उचललं.

नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126व्या नियमाप्रमाणे गाडीचा नवा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ गाडीशी विसंगत फेरफार करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा बजावलं. पण झिजलेला ब्रेक पॅड काढून त्याच मापाचा नवा बसवणं हा फेरफार होत नाही. गाडी बनवण्याचे नियम दाखवून गाडी सांभाळायला बंदी मागणं, ही सरळसरळ दिशाभूल आहे.

वॉरंटीचं म्हणाल, तर ती संपलेल्या गाड्यांनाच देखभाल जास्त लागते.

खरा मुद्दा ब्रेकचा. त्याला उत्तर दिलंच पाहिजे, कारण भीती त्याच्याच नावानं घातली जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. पाणी मिसळलं की ते कमी तापमानाला उकळतं. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि नळीतली हवा काढायची. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचा निपल उघडतो, बुडबुडे गेले की घट्ट करतो, आणि मगच पहिला पाय उचलतो. वर्कशॉपमधला मेकॅनिकही हेच करतो. त्याच्याकडे सराव आहे, आणि सराव केल्यानंच येतो. पाचशे किलोची गाडी थांबवताना तेवढ्याच वेगातल्या हजार किलोच्या गाडीच्या निम्मीच उष्णता तयार होते, हेही हलक्या गाड्यांना नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अशा गाडीला हादरे जास्त बसतात, नटबोल्ट ढिले होतात, हे खरं. पण मग ते वारंवार तपासायला हवेत, आणि दर आठवड्याला पाना लावून बघणार कोण? मालकच. पेडल मऊ झाल्याचं पहिल्यांदा कळतं तेही त्यालाच. त्यानं ते ओळखायला शिकू नये, असं म्हणणं हाच जिवाशी खेळ आहे.

हा वाद जुनाच आहे. विहिरींवर डिझेल इंजिनं आली तेव्हाही शेतकऱ्याला हे झेपणार नाही, असं सांगणारे होतेच. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम, कळंबकडच्या माणसानं मग काय केलं? हँडल मारलं, नोझल साफ केलं, टाकी कोरडी पडल्यावर डिझेलच्या पाइपातली हवा काढली. पाणी देण्याची पाळी चालू असताना मेकॅनिकची वाट पाहायला सवड कोणाला होती? जी बोटं डिझेलच्या पाइपातली हवा काढतात, त्यांना ब्रेकच्या नळीतली हवा काढणं समजणार नाही, हे कोणत्या अनुभवावरून ठरवलं?

जोडायच्या गाड्यांचा इतिहासही या गृहस्थांच्या विरोधात जातो. 1957 साली इंग्लंडात आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत विकली जाई, कारण घरी जोडली की खरेदीकर वाचे. 1973 मध्ये तिथे नवा मूल्यवर्धित कर आला आणि तो फायदा संपला. त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. किट मात्र आजही विकलं जातं, म्हणजे लोक फक्त करासाठी पाना हातात घेत नव्हते. आपल्याकडे बंगळुरूच्या सॅन मोटर्सनं फायबरग्लासची दोन आसनी सॅन स्टॉर्म काढली होती, रेनोचं 1149 सीसी इंजिन बसवलेली. ती बनायची थांबली. अशा गाडीच्या मालकानं आता कुठलं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं?

आणि अधिकृत व्यवस्थेबद्दल बोलायचं, तर ऑगस्ट 2014चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश कसा विसरायचा? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलं झाली. तरी ‘बाहेरच्यांना जमत नाही’ ही तक्रार ज्यांच्या तोंडी आहे, त्यांच्याच व्यवसायानं बाहेरच्यांची वाट अडवली होती, हे या आदेशानं उघडं पाडलं. जुलै 2022 मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोटारींबरोबर शेतीची अवजारंही आहेत.

मग करायचं काय? धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात आयटीआयचं एखादं वर्कशॉप रविवारी सकाळी गाडीमालकांसाठी उघडावं. सुरुवात नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही न शिरण्यापासून, मजबूत स्टँड लावण्यापासून व्हावी. मग टॉर्क पान्यानं चाकांचे नट आवळणं, धुळीनं भरलेला एअर फिल्टर बदलणं, थंड इंजिनावर फीलर गेज लावून टॅपेट तपासणं. ब्रेकचं काम सगळ्यात शेवटी, निदेशक शेजारी उभे असताना. आणि त्यांनी स्वतः पेडल दाबून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाऊ नये.