मदत नको, हिशेब द्या

आमच्याकडे मजुराला अपघात झाला की सगळ्यात आधी कानावर येतो तो शब्द म्हणजे 'मदत'. मालकाने मदत केली. मुकादमाने मदत केली. सरपंचांनी शब्द टाकला म्हणून थोडी जास्त मदत मिळाली. माझं भांडण या शब्दाशीच आहे. कारण जे देणं आहे त्याला मदत म्हटलं, की मागणारा भिकारी होतो आणि देणारा दानशूर.

आमच्याकडे म्हणजे भीमाशंकरच्या कुशीतल्या आदिवासी गावांत. भातकापणी उरकली की आंबेगाव-जुन्नरच्या या डोंगरपट्ट्यातली माणसं पिशवीत भाकरी बांधून खालच्या बागायती भागात उतरतात. नारायणगावात मजुरांचा बाजारच भरतो. सकाळी उभं राहायचं, रोज ठरवायचा, पिकअपमध्ये दाटीवाटीने बसायचं. ज्यांची भातखाचरं डिंभे धरणात बुडाली, त्यांच्या घरची माणसं त्याच धरणाच्या पाण्यावर पिकणाऱ्या शेतांत रोजाने राबतात.

माझ्या नात्यातल्या एकाची तीन बोटं गव्हाच्या मळणी यंत्रात गेली. वय तीस, रोज चारशे रुपये. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर पंधरा हजार हातावर ठेवले. सगळे म्हणाले, देवमाणूस भेटला. माणूस खरंच वाईट नव्हता. पण त्याच्या चांगुलपणाचं मोजमाप मला करायचं नाही, मला हिशेब करायचा आहे.

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीत यंत्राने केलेली शेती आहे. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पण सूत्र तेच राहिलं. महिन्याची मजुरी 12,000 धरा. तिचे 60 टक्के म्हणजे 7,200. तिशीच्या वयाचा ठरलेला गुणक 207.98. गुणाकार होतो 14,97,456. हा आकडा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरलंय. म्हणजे सुमारे 4 लाख 49 हजार रुपये. दवाखान्याचा खर्च यातून वजा होत नाही, तो वेगळा द्यायचा असतो. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

साडेचार लाख कुठे आणि पंधरा हजार कुठे! मधल्या फरकाचं नाव 'मदत'.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "हात त्यानेच घातला ना?" मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर पडला की बैठक होते, तिला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. कोणी चुकलं हे विचारायचं नाही, व्यवस्थेत काय चुकलं ते शोधायचं. एसी ऑफिसात ही फार आधुनिक कल्पना मानली जाते. मजुरांच्या कायद्यात ती शंभर वर्षांपासून आहे. साध्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम किंवा साधन जाणूनबुजून धुडकावणं, असे मोजकेच अपवाद. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही चालत नाहीत.

दुसरं उत्तर: "अपघात रस्त्यात झाला, कामावर नाही." महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याचा वॉचमन 22 एप्रिल 2003 ला पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली: कामाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा संबंध दिसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही कामाचाच. नव्या संहितेत हे कलमातच लिहिलंय. कुटुंबाची बावीस वर्षं गेली, ती मात्र कोणी परत दिली नाहीत. पहाटेच्या पिकअपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत हवा.

तिसरं उत्तर मला खरोखर विचारात पाडतं: "दोन एकरवाला शेतकरी साडेचार लाख आणणार कुठून?" बरोबर आहे, नाही आणू शकत. म्हणून तर विमा असतो. ट्रॅक्टर रस्त्यावर आणायला विमा सक्तीचा, मग मळणी यंत्रावर माणूस उभा करायला का नाही? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला धरते. त्याच शेतात रोजाने आलेला माणूस मजूर म्हणून तिच्यात नाही. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पण तिची किंमत मजुराच्या बोटांनी का मोजायची?

आणि कायदाही काही साधुसंत नाही. आमच्या रानात हिरड्याच्या झाडावरून पडणाऱ्याला तर मालकच नसतो. हिरडा विकत घेणारे असतात, हाड मोडल्यावर कोणी नसतं. अशांची जबाबदारी सरकारने थेट घेतली पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय? फोन. शहरात शिकायला, नोकरीला आलेल्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी घरी समजावावं. रोज शक्यतो यूपीआयवर घ्या, तो मजुरीचा पुरावा. यंत्राचा आणि जागेचा फोटो त्याच दिवशी काढा. दवाखान्याच्या केसपेपरवर 'काम करताना, यंत्रात' हे शब्द लिहून घ्या, 'पडून लागलं' नाही. मालकाला लगेच लेखी कळवा, दावा दोन वर्षांच्या आत करा. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर अंगठा दिला असेल तरी घाबरू नका. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याच्या लेखी रद्दच असतो.

आणि पुढच्या वेळी पारावर कोणी म्हणालं, "मालकाने बरीच मदत केली हो," तर तिथेच विचारा: मदत ठीक आहे, देणं किती होतं?